तिसरा अंक जमिनीवर

स्टेज पाडायचं ठरल्यापासून थोरला आणि धाकटा एकमेकांशी फक्त नाटकात बोलत होते.

म्हणजे तालमीत. तालमीत थोरला खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "भावा, तुझ्याशिवाय मला आहे कोण?" आणि धाकट्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी यायचं. तालीम संपली की तोच धाकटा भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "ताई, ज्यांच्या पायाखाली माझी चप्पल आहे, त्यांना म्हणावं पाय उचला."

मधली सांगायची, "दादा, पाय."

थोरला पाय उचलायचा आणि छताला उद्देशून म्हणायचा, "चपला जागेवर ठेवायची सवय नाही लोकांना."

मधलीने हात टेकले होते. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून ती अख्ख्या गावाची बोलणी जोडून द्यायची. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तेच काम, तेही बिनपगारी. त्यातून यंदाचं नाटक तिनेच बसवायला घेतलेलं. वडिलांचं घर विकायला निघालेला मोठा भाऊ आणि आडवा येणारा लहान भाऊ, अशी गोष्ट. निवडली तेव्हा दोघं एका ताटात जेवत होते. आता गावातला जो तो तिला विचारत होता, "मुद्दाम निवडलंत का हो?"

भांडण झालं ते असं. विणकर सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सुताचं वाटप व्हायचं, दुपारी शिवणवर्ग भरायचा, कधी लसीकरण, कधी कुणाचं लग्न. आणि वर्षातून एकदा नाटक. पूर्वी त्यासाठी कापड मोजायची टेबलं एकमेकांना बांधून त्यावर काम करत. कोणतं टेबल डुगडुगतं हे ज्याला पाठ, तोच नायक. मग बाबांनी, म्हणजे या तिघांच्या वडिलांनी, हॉलला पक्कं स्टेज करून दिलं. ते सुतार होते. दुकान बंद करून रोज संध्याकाळी यायचे आणि एकेक फळी ठोकायचे. गावाने त्याला कधी नुसतं स्टेज म्हटलं नाही. बाबांचं स्टेज, असंच म्हणायचे. बाबा गेल्यावर तर जास्तच.

आता फिरत्या सिनेमावाल्याला कायमची जागा हवी होती. मागच्या भिंतीला पडदा लागणार, स्टेज निघणार. सोसायटीच्या बैठकीत चिटणीसांनी विचारलं, "मंजूर कोणाला?" आणि सगळ्यांआधी मंजुरीचा हात वर केला तो थोरल्याने. त्याने! बाबांचं दुकान चालवणाऱ्याने, रंधा धरायला बाबांच्या मांडीवर बसून शिकलेल्याने. घड्याळं दुरुस्त करणारा धाकटा तिथेच बसला होता. तो उठला, खुर्ची आपटून बाहेर पडला, आणि त्या दिवसापासून त्याने मोठ्या भावासमोर तोंडात गुळणी धरली.

"नाटक होणार," आईने निकाल दिला होता. "दोघं त्यात असणार. स्टेजवर एकदा शेवटचं उभं राहा, मग खुशाल जन्मभर अबोला धरा. मी मधे पडायची नाही."

---

रविवारी प्रयोग होता, दुपारचा. मधली सकाळीच हॉलवर पोचली. दार उघडंच होतं आणि आतून खिदळण्याचा आवाज येत होता. दोघा भावांच्या बायका, दोन्ही जावा, शिडीवर आणि शिडीखाली उभ्या राहून पडदा लावत होत्या. सोसायटीच्या न खपलेल्या कापडाचा तो पडदा, गर्द जांभळा. कापड का खपलं नव्हतं ते बघितल्यावर कळायचं.

मधलीला बघताच थोरली वहिनी एकदम गंभीर झाली आणि धाकटीने जावेकडे पाठ फिरवली.

"राहू दे," मधली म्हणाली. "मला दिसलं."

"ताई, ह्यांना सांगू नका हं," धाकटी जीभ चावत म्हणाली. "मी घरी सांगितलंय की मी जाऊबाईंशी बोलत नाही."

"मीही तेच सांगितलंय," थोरली वहिनी म्हणाली. "नवऱ्याचा मान राखायला नको का? पण कोपऱ्यातल्या सुताच्या कोठीत भेटतो आम्ही. तिथलं बोलणं नाही धरत आम्ही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. एकटीने अबोला धरायचा म्हणजे किती कंटाळा येतो, तुम्हाला काय सांगू!"

मधलीला हसू आलं, रागही आला. म्हणजे घरात निरोप पोचवत वणवण करणारी ती एकटीच होती.

"वहिनी, दादा काही बोलतो का? तुमच्याशी तरी?"

थोरली वहिनी शिडीवरून दोन पायऱ्या खाली आली. "बोलत नाहीत. पण एक सांगू? रोज सकाळी चहा घ्यायच्या आत इथे येतात. स्टेजखाली शिरतात. परत येतात तेव्हा केसांना कोळिष्टकं. विचारलं तर म्हणतात, उंदीर झालेत."

"उंदीर?"

"हातोडी घेऊन उंदीर मारतात का कुणी?"

यावर मधली काही बोलणार, तोच थोरला आत आला. खांद्यावर लाकडी कपाट, मागे दुकानातला गडी दुसरं टोक धरून. त्याने ते स्टेजच्या बरोबर मधोमध, मागच्या बाजूला नेऊन उभं केलं.

"दादा, तिथे कपाट नाही. तिथून छोट्या धावत येतो," मधली म्हणाली. धाकट्याला घरी छोट्याच म्हणत.

"कपाट इथेच राहील."

"अरे, दुसऱ्या अंकात तो तिथूनच उडी मारतो ना!"

"उडी काढून टाक."

तालमी सगळ्या थोरल्याच्या दुकानामागच्या पडवीत झाल्या होत्या. स्टेजवर सराव नको, म्हणून तोच अडून बसला होता. आणि तालमीत सर्वांत जास्त टाळ्या पडायच्या त्या धाकट्याच्या उडीला. चिडलेला भाऊ घराच्या पायऱ्यांवरून अंगणात उडी घेतो आणि मोठ्या भावासमोर उभा ठाकतो. मधली मनात म्हणाली, आता टाळ्यांवरूनही जळायला लागला वाटतं. पण थोरल्याचा चेहरा जळणाऱ्या माणसासारखा दिसत नव्हता. रात्र जागून काढल्यासारखा दिसत होता.

"तूच सांग त्याला," ती म्हणाली.

"माझं ऐकतो का तो?"

धाकटा आल्यावर तिनेच सांगितलं. तो भडकलाच. "अच्छा! स्टेज कापलं, आता माझी उडीही कापायला निघाले! ताई, त्यांना सांग, उडी मारणार. दोनदा मारणार."

"एकदाच मार," मधली थकून म्हणाली. "आणि ते कपाट बाजूला घ्या रे कोणीतरी."

थोरला रंगपटात निघून गेला. रंगपट म्हणजे तीच सुताची कोठी.

---

हॉल भरला. खुर्च्या संपल्यावर लोक सुताच्या गठ्ठ्यांवर बसले, खिडक्यांत बसले. सिनेमावालाही आला होता. आपल्या पडद्याची जागा डोळ्यांनी मोजत तो भिंतीकडे बघत होता. आई पहिल्या रांगेत, मधोमध, हातात पंखा घेऊन.

पहिला अंक सुरळीत गेला. धाकटी दोघांच्या बहिणीचं काम करत होती, तिने प्रेक्षकांना दोनदा हसवलं. थोरली वहिनी पडद्याआडून वाक्यं पुरवत होती. पोस्टमास्तर घर विकत घ्यायला आलेल्या सावकाराचं काम करत होते. त्यांना मिशी इतकी मोठी लावली होती, की वाक्याआधी मिशी हलायची आणि मग शब्द बाहेर यायचे.

दुसऱ्या अंकात थोरल्याने खिशातून घराची किल्ली काढली आणि सावकारापुढे धरली. आता धाकट्याने मागून यायचं आणि म्हणायचं, "दादा, थांब!"

धाकटा आला. "दादा, थांब," तो म्हणाला. आणि पुढे जे म्हणाला ते संहितेत नव्हतं. "हात वर करताना तुला बाबांची आठवण झाली नाही?"

 हॉलमध्ये गठ्ठ्यांवर बसलेले पुढे सरकले. काय चाललंय ते प्रत्येकाला कळलं होतं.

पडद्याआडून थोरल्या वहिनीचा आवाज आला, "हे घर विकू नकोस. भावजी, हे घर विकू नकोस!"

"ऐकलं मी वहिनी," धाकटा स्टेजवरूनच म्हणाला, "तुमचं वाक्य चांगलंय, पण मला आज माझं म्हणायचंय." लोक हसले. तो हसला नाही. "दादा, उत्तर दे."

मधली विंगेत उभी होती.  पडदा पाडावा का? दोरी हातात होती. पण कित्येक दिवसांनी धाकटा मोठ्या भावाच्या डोळ्यांत बघून बोलत होता, आणि तिच्याच्याने दोरी ओढवेना.

"हे घर," थोरला हळूच म्हणाला, "विकावं लागतं कधी कधी." हे वाक्य संहितेतलं होतं. तो बिचारा अजून नाटकाला धरून होता.

"का लागतं? कोणी सांगितलं? या मिशीवाल्याने?"

पोस्टमास्तर किल्लीसाठी हात पुढे करून ताटकळले होते. त्यांनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "तुमचं होऊ द्या निवांत," ते म्हणाले. "मी नंतर येऊ का?"

हॉल हसून फुटला. थोरला मात्र धाकट्याच्या पायांकडे बघत होता.

"छोट्या, पुढे ये. तिथे उभा राहू नकोस."

नाटकात त्याचं नाव छोट्या नव्हतं.

"बघा! बघा लोकहो! मी कुठे उभं राहायचं तेही हेच ठरवणार! बाबांनी एकेक फळी स्वतःच्या हाताने ठोकली, तेव्हा आम्ही दोघं खिळे हातात द्यायला बसायचो. तेव्हा नाही विचारलंस कोणी कुठे बसायचं ते!"

"छोट्या, माझं ऐक. भांड हवं तर, पण पुढे येऊन भांड."

"नाही येत!"

आणि त्याने उडी मारली. तालमीत मारायचा त्याहून उंच. टाळ्यांसाठी लोकांचे हात वर गेले.

कड्‌कन आवाज झाला. धाकटा उतरला तिथेच आत गेला. एक पाय मांडीपर्यंत फळ्यांच्या खाली, दुसरा वर दुमडलेला, दोन्ही हात जमिनीवर. क्षणभर कोणाला काही कळेना. मग मागच्या रांगेत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काय पण युक्ती केलीय, म्हणून.

मधली धावली. "थांब!" थोरला ओरडला. "कोणी स्टेजवर येऊ नका! मास्तर, तुम्ही कडेला कपाटाजवळ सरका, तिथे खालून टेकू आहे." आणि तो स्वतः पोटावर आडवा पडला आणि सरपटत धाकट्याकडे निघाला. नाटकातल्या सदऱ्यासकट, चिकटवलेल्या पांढऱ्या केसांसकट.

"हलू नकोस. खिळे आहेत. दुखतंय का?"

"दुखतंय, दादा."

"पाय आहे का जाग्यावर? बोटं हलव. हलतायत?"

"हलतायत."

थोरल्याने कडेची फळी धरून ओढली. सुतारकामातल्या माणसाला फळी उपटायला पहार लागते. ही फळी त्याच्या हातात आली ती भाकरीचा तुकडा मोडावा तशी. त्याने ती बाजूला ठेवली. धाकट्याने उचलली, बोटांनी दाबली. वरून रंग, पॉलिश, सगळं जसंच्या तसं. आतून नुसता भुसा. तो भुसा त्याच्या मांडीवर सांडला.

"हे कधीपासून?"

"मागची भिंत झिरपते. आतल्या आत लाकूड गेलं सगळं. वहिवाटीच्या जागी मी टेकू दिलेत, रोज सकाळी येऊन. म्हटलं निदान हे नाटक निभावून नेईल. मधल्या भागाला टेकू लावायला जागाच नाही, तिथे कोणी पाय देऊ नये म्हणून रिकामं कपाट ठेवलं होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं." थोरला दुसरी फळी मोडत होता. त्याचा आवाज बसला होता. "बाबांचं काम कुजलं असं कोणी म्हणायला नको होतं मला. सिनेमावाला आला, बरंच झालं. स्टेज सिनेमामुळे गेलं असं लोक म्हणोत. थोरल्याने विकलं असं म्हणोत. चालेल."

"मला नाही चालत!" धाकटा खड्ड्यातूनच ओरडला. "मी इतके दिवस तुझ्या नावाने खडे फोडतोय, आणि तू मुकाट ऐकून घेतोयस? अरे, एक शिवी तरी द्यायचीस!"

"देणार होतो. पण तू बोलतच नव्हतास."

पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला. "मोठ्याने बोला. मागच्यांना ऐकू जात नाही."

ती उठून उभी राहिली होती. पंखा तिने खुर्चीवर ठेवला.

"आणि आता मीही बोलते. तुमच्या वडिलांना ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाले, त्या भिंतीला ओल आहे, लाकूड फार काळ धरायचं नाही. मी म्हटलं, मग कशाला एवढा जीव आटवता? तर म्हणाले, पोरांची नाटकं करायची वयं आहेत तोवर टिकलं म्हणजे झालं. पुढे टिकून कोणाला पाहिजे?"

दोघं भाऊ तिच्याकडे बघत राहिले. एक आडवा, एक अर्धा.

"आई, तू कधी बोलली नाहीस?" थोरल्याने विचारलं.

"तुम्ही विचारलंत कधी? बाबांचं स्टेज, बाबांचं स्टेज म्हणून सगळे असे ओवाळत सुटलात, की मला वाटलं, असू दे. त्यांना ऐकायला मजा वाटली असती."

 लहानपणी बाबांच्या शेजारी बसून मधलीनेही खिळे दिले होते. तिचं नाव या भांडणात दोघांपैकी एकानेही घेतलं नव्हतं. पण त्याची आत्ता तक्रार करायची वेळ नव्हती. थोरल्याने धाकट्याच्या काखेत हात घातले होते आणि तो ओढत होता. "सोड अंग," तो म्हणत होता, "लाकडासारखा ताठ होऊ नकोस, सोड." धाकट्याने अंग सोडलं. दोघं एकमेकांच्या अंगावर कोसळले, आणि मग लोकांनी जी टाळी दिली ती तालमीतल्या कुठल्याच टाळीसारखी नव्हती.

---

लसीकरणाची नर्सबाई प्रेक्षकांतच होती. तिने पाय धुतला, दोन ठिकाणी खरचटलं होतं, घोटा सुजला होता. पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "मोडलेलं काही नाही. पण पुढे काय होतं? घर जातं का राहतं?"

"तिसऱ्या अंकात कळतं," धाकटा म्हणाला.

"मग करा की तिसरा अंक."

"कुठे करणार? स्टेजला भोक पडलंय."

मधलीने हॉलकडे पाहिलं. एकही माणूस उठून गेलेला नव्हता. चहावाला आत येऊन तोही दाराशी टेकला होता. अन् तिच्या मनाने एकदम उचल खाल्ली.

"उठा सगळे!" ती खुर्चीवर चढून म्हणाली. एक्स्चेंजमध्ये तिचा आवाज मंजुळ असायचा. हा तो नव्हता. "खुर्च्या भिंतीकडे घ्या. गोल करा. गठ्ठे पुढे, खुर्च्या मागे. मधे जागा ठेवा. तिसरा अंक जमिनीवर होईल."

"जमिनीवर?" पोस्टमास्तरांची मिशी हलली. "मग मी प्रवेश कुठून करू?"

"लोकांतून उठून या. सावकार काय आभाळातून पडतो?"

गोल झाला. धाकटा मधे खुर्चीवर, पट्टी बांधलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर. थोरली वहिनी पडद्याआड राहू शकेना, तेव्हा संहिता घेऊन धाकटीच्याच शेजारी येऊन बसली, सगळ्या गावासमोर. दोघींच्या नवऱ्यांनी ते पाहिलं. त्यांच्यापैकी एकाचीही काही बोलायची प्राज्ञा नव्हती.

मधलीने असा प्रयोग कधी पाहिला नव्हता. लोक इतके जवळ होते, की थोरला बोलताना चाचरला तर शेजारचा माणूस घसा खाकरायचा. आवाज चढवायची गरज नव्हती. थोरल्याने शेवटचं लांबलचक भाषण जवळजवळ कुजबुजत म्हटलं आणि मागच्या बाईने डोळे पुसले. धाकट्याने मोठ्या भावाला माफ करायचं होतं. त्याने त्यात एक शब्दही घुसवला नाही, जसं होतं तसं म्हटलं. फक्त म्हणताना त्याने भावाचा हात हातात घेतला, जे मधलीने त्याला तालमीत पन्नासदा सांगूनही त्याने केलं नव्हतं.

सिनेमावाला जाताना तिला गाठून म्हणाला, "बाई, माझा पडदा गुंडाळता येतो. रविवारी दुपारी माझा खेळ नसतो."

"मग?"

"मग काही नाही. सांगून ठेवलं."

---

उन्हं कलली होती. धाकट्याला चालवेना, म्हणून थोरल्याने त्याला पाठुंगळी घेतलं. पुढे हे दोघं, मागे दोन्ही जावा हातात हात घालून, आणि आईबरोबर मधली. रस्त्यावरची दुकानं उघडत होती, लोक बघून हसत होते.

"तू तिसऱ्या अंकात अर्ध्या लोकांकडे पाठ केलीस," धाकटा पाठीवरून म्हणाला.

"चारी बाजूंनी लोक. कोणाकडे तरी पाठ होणारच ना?"

"फिरत राहायचं. बोलता बोलता फिरायचं."

"फिरलो तर वाक्य विसरतो मी."

"तू बसूनही विसरतोस. दुसऱ्या अंकात..."

"दुसऱ्या अंकाचं नाव काढू नकोस. खाली उतरवीन."

"उतरव. लंगडत जाईन, पण खरं ते बोलेन. तुझा विग डाव्या बाजूने सुटला होता."

"तू खड्ड्यात होतास म्हणून तुला खालून दिसला. आणि हळू बोल, कानात ओरडतोयस."

"दादा, छोट्या," मधली मागून म्हणाली, "पुढच्या वर्षीचं नाटक मी आत्ताच सांगते..."

दोघांपैकी एकालाही ऐकू गेलं नाही. वळणावर पोचेपर्यंत त्यांचा विगवरून विषय पोस्टमास्तरांच्या मिशीवर गेला होता, मिशीवरून घरातल्या कुठल्याशा जुन्या स्टुलावर, आणि आवाज असे चढले होते, की समोरच्या माडीवरची खिडकी उघडली.

आईने मधलीचा दंड धरला. "किती दिवस चालेल हे आता?"

"जन्मभर," मधली म्हणाली.

"देवा," आई म्हणाली, आणि चालायचा वेग वाढवून त्यांच्या बरोबरीला गेली, कारण स्टुलाबद्दल दोघंही चुकीचं सांगत होते.